'जीएच' असलेले पाच शब्द

मंगळवार, संध्याकाळ. गारखेडा

अण्णांनी फुलंब्रीच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना शब्दच सापडत नाहीत. आज स्पीच थेरपीच्या बाईंनी अभ्यास दिला होता: 'जीएच' असलेले पाच इंग्रजी शब्द.

लाइट, नाइट, फाइट. पुढं अण्णा अडले. माझ्या ओठावर 'डॉटर' आलेला. सांगून टाकू का? पण तो त्यांनाच आठवावा असं मला, त्यांच्या लेकीला, वाटत होतं. 'डॉटर'साठी या वयात कसला हट्ट माझा?

चौथा आला 'इनफ'.

"अजून एक, अण्णा. सोपा आहे!" माझा आवाज चढलाच.

त्यांनी वही माझ्याकडं सरकवली. "लई दमलो. तूच सांग, बाई."

मला सांगवेना. मी 'ब्राइट' लिहिलं. तेव्हापासून घरात नुसती येरझारा घालतेय.