आतली कडी

४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईचं ऑपरेशन करायचं की नाही, हे एकवीस तारखेच्या बैठकीत ठरेल. डोक्याला चौसष्ट तारा लावून घेतलेली तिच्या अपस्माराच्या झटक्यांची नोंद माझ्याच टेबलावर आली आहे. घरच्या माणसाची नोंद दुसऱ्याकडे द्यावी असा नियम आहे. दुसरा माणूस रजेवर आहे.

हे काम म्हणजे बाहेरून ऐकून मेंदूतली जागा सांगणं. एकच नोंद अनेक जागांशी जुळू शकते, म्हणून आधी पद्धत निवडावी लागते. एका पद्धतीत झटका एकाच ठिपक्यातून निघतो असं धरतात. दुसरीत असं काही न धरता सगळ्या मेंदूभर शोधतात, पण चित्र धूसर येतं. मी पहिली घेतली. ठिपका खोल, मधल्या रेषेच्या जरा उजवीकडे आला. जुळणी एक्याण्णव टक्के. सर्जनबाईंना असंच उत्तर लागतं. तेवढा तुकडा काढता येतो.

आईला एवढंच हवं आहे की अंघोळीला आतून कडी लावता यावी. नऊ वर्षं लावलेली नाही.

मी ठीक. झोप सहा तास. लोभ आहेच, तो मोजूनमापून का होईना, चालू ठेवावा.

तुझी भाची


९ मार्च

चि. काटेकोरबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

झोपेचे तास कळले, वजन कळवायचं राहिलं.

तीस वर्षं मी रस्त्याला कान लावून जमिनीखालच्या नळांची गळती शोधतोय, म्हणून तुझं निम्मं पत्र तरी समजलं. आमचं नवं यंत्र आधी विचारतं, गळती एक की जास्त. एक सांगितलं की ते निमूट एक दाखवतं, आणि गळत्या दोन असल्या तर दोघींच्या मधली कोरडी जागा दाखवतं. गेल्या वर्षी अख्खा चौक खणून आम्ही सुकी माती काढली. साहेब अजून मला उत्खननवाले म्हणतात. तू यंत्राला एक सांगितलंस का?

विचारायचं कारण, लहानपणी तुझ्या आईच्या झटक्यांच्या दोन तऱ्हा होत्या. एकीत डावा हात वळायचा. दुसरीत हात ठीक, पण शब्द जायचे. चमचा दाखवून नुसतं ते, ते म्हणत राहायची. मी तिला ते-ते म्हणून चिडवायचो. मग ताई ती तऱ्हा लपवायला शिकली. तुलाही सांगितली नसेल.

हे लिहून बरं केलं की वाईट, मला ठरवता येत नाही. माया पातळ करू नकोस.

तुझा मामा


२७ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मी एक सांगितलं होतं.

तुझ्या पत्रानंतर दुसऱ्या पद्धतीने पुन्हा काढलं. दोन धूसर डाग आले, एक उजवीकडे, एक डावीकडे. मधे, माझ्या ठिपक्याच्या जागी, काही नाही. डावा डाग बोलण्याच्या भागावर आहे, तिथे चाकू लावत नाहीत, आणि एकटा उजवा काढून झटके थांबणार नाहीत. बैठकीत मी दोन्ही चित्रं ठेवली, पहिलं माझी चूक म्हणून. ऑपरेशन रद्द झालं.

आईला मीच सांगितलं. दुसरी तऱ्हा कळली तर ऑपरेशन नाकारतील, म्हणून ती गप्प होती. तिचा अंदाज बरोबर होता, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली की मामाचं तोंडच पहिल्यापासून गळकं. रागावलेली नाही, हे तुला कळवायला सांगितलं आहे. मला काय वाटलं ते विचारू नकोस. अजून काही वाटलेलं नाही.

रविवारी बाथरूमला कडी बसवली. आतून लागते, बाहेरून स्क्रूड्रायव्हरने उघडते. आई आत मोठ्याने आकडे म्हणते, मी दाराबाहेर स्टुलावर बसून ऐकते. आज ती सत्तेचाळीसला थांबली. मी स्क्रूड्रायव्हर लावला, अर्धा फिरवला. तेवढ्यात आतून ऐकू आलं की डोळ्यात साबण गेलाय, आणि सत्तेचाळीसनंतर अठ्ठेचाळीस येतात हे तिला माहीत आहे.

मी कडी परत लावली.

तुझा लोभ इथवर ऐकू येतो, तसाच येऊ द्यावा.

तुझी भाची