ओझेलाच्या गाण्याची गोधडी

३ सप्टेंबर
आमच्या गोधडी मंडळात एकटा पुरुष मीच. चर्चच्या वर्धापनदिनाला प्रदर्शन आहे. ठरलं : बायकोच्या गाण्याची गोधडी करायची. खालचे सूर निळे, वरचे मरून. ओझेलाला सरप्राइज. नियम एकच : मणी फक्त पन्नास.

५ सप्टेंबर
हवा तसा मरून रंग अख्ख्या मेम्फिसमध्ये मिळेना. कपाटात ओझेलाचा चर्चमध्ये गायचा झगा दिसला. घशाच्या ऑपरेशनपासून दोन वर्षं गायलीच नाही ती. आता काय गाणार? फक्त पाठ कापली. पाठ कोण बघतं?

९ सप्टेंबर
बाह्याही घेतल्या. पाठीशिवाय बाह्या म्हणजे नुसती अडगळ. खोकल्याच्या गोळ्यांसाठी तिनं आतून शिवलेला खिसा होता, तो तसाच गोधडीवर ढोल म्हणून लावला. छान उठाव आला. मणी : दोनशे दहा.

१४ सप्टेंबर
ओझेला डॉक्टरांकडून गुणगुणतच आली. गायची परवानगी मिळाली! वर्धापनदिनाला, २९ला, एकटी गाणार. म्हणाली, "थॅडियस, अरे बोल की काहीतरी!" अभिनंदन केलं. मग बाथरूममध्ये बसून राहिलो. नंतर तीनशे टिकल्या लावल्या. हाताला काम असलं की मन शांत राहतं. राहिलं नाही.

१८ सप्टेंबर
तिनं झगा शोधायला घेतला. "कसर लागली असेल, टाकून दिला असशील," मी म्हणालो. दोन तास तिच्याबरोबर शोधला. पलंगाखाली, गाडीच्या डिकीतसुद्धा. अगदी मनापासून.

२१ सप्टेंबर
उद्या नाश्त्यानंतर सांगायचं. नक्की.

२२ सप्टेंबर
कॉर्नब्रेड फारच सुरेख झाला होता. अशा वेळी कशाला?

२४ सप्टेंबर
गोधडी उसवून झगा परत शिवायला बसलो. उसवेना. मण्यांखाली मी गोंदही लावलाय. काम पक्कं हवं म्हणून.

२८ सप्टेंबर
परवा प्रदर्शनासाठी दिलेली गोधडी परत मागायला गेलो. मंडळाच्या वर्डेलबाई म्हणाल्या, "लाजतोस काय नव्या नवरीसारखा? हॉलमध्ये दारासमोरच टांगलीय!"

२९ सप्टेंबर, रविवार
उसन्या झग्यात गायली. झगा जेमतेम गुडघ्यापर्यंत. सूर मात्र छपराला लागला. माझी मान काही वर होईना.
नंतर हॉलमध्ये गोधडीसमोर उभी राहिली. मग ढोलात हात घातला, दोन वर्षांपूर्वीची खोकल्याची गोळी काढली, कागद सोडला आणि तोंडात टाकली. वर्डेलबाई म्हणाल्या, "किती प्रेमानं केलीय गं!" ओझेला म्हणाली, "हो ना. माझ्या अंगावरचं काढून केलीय."
घरी येईपर्यंत गप्प. म्हणजे राग गेला असावा.

६ ऑक्टोबर, रविवार
चर्चला निघताना माझा करडा कोट सापडेना. ओझेला म्हणाली, "कसर लागली असेल." माझ्याबरोबर बराच वेळ शोधला तिनं. अगदी मनापासून. तिच्या शिवणाच्या टेबलाखाली करड्या धाग्यांचा पुंजका पडला होता.
गाडीच्या डिकीत बघू या, असं मीच सुचवलं.