पोळ्याच्या आठवड्यातलं शून्य

आर्णी,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय प्रियंका,

तू नागपुरात मजेत आहेस हे तुझ्या फोटोंवरून कळतंच, म्हणून विचारत नाही. मी बरी आहे. माझ्या बारावीच्या मुलांची प्रात्यक्षिकं तोंडावर आलीत आणि कॉलेजातल्या बारा सूक्ष्मदर्शकांपैकी चारच चालतात.

तुझ्या बोंडअळीवरच्या पेपरमधला निकालांचा भाग वाचला. प्रिंटवर पेन्सिलीने खुणा केल्यात, ती सोबत आहे. तक्ता दोन आणि आलेख एकच गोष्ट सांगतात, एक काढ. ‘लक्षणीय घट’ लिहितेस तिथे किती सापळे, किती पतंग, ते आकडे दे. आणि घट निंबोळी अर्काच्या फवारणीमुळेच झाली, हे निकालात सांगू नकोस. त्याची जागा पुढे, चर्चेत. बाकी भाषा स्वच्छ आहे. माझ्यापेक्षा चांगली. हे मान्य करायला मला दोन दिवस लागले.

आता ते शून्य. फवारणीनंतर दुसऱ्या आठवड्यात मुकुटबनच्या वावरातल्या कामगंध सापळ्यांत बोंडअळीचा एकही पतंग नाही, यावर तुझा सगळा पेपर उभा आहे. पण आधी एकतीस, मग शून्य, मग एकदम अडतीस? तारीख पाहिली. बावीस ऑगस्ट, पोळा. सापळे मोजणारे उकंडाभाऊच, आपल्या एमएस्सीपासूनचे. त्यांना फोन लावला.

“पोयाच्या दिशी वावरात कोन जाते ताई? बैल सजवाचे का पाखरं मोजाचे? गेलोच नाही, म्हून शून्य लिवलं. पुढच्या शुक्रवारी दोन्ही आठवड्याचे संगच मोजले.”

हा फोन मी पाच तारखेला केला. तुझा पेपर वीसला जायचा आहे हे माहीत असून नऊ दिवस गप्प बसले. जाऊ दे म्हटलं, परीक्षक काढतील पिसं. पीएचडीच्या एका जागेसाठी आपण दोघी गेलो, तुला मिळाली, तेव्हापासून मी जळते आहे. ते वावर मी शोधलं, उकंडाभाऊंना मी तयार केलं, आणि माझं नाव शेवटी, आभाराच्या यादीत! प्रियंकापेक्षा मीच काटेकोर, हे स्वतःला किती वेळा सांगितलं असेल.

काल भाऊंना पुन्हा फोन केला, तुझी चूक पुन्हा ऐकायची हौस म्हणून. विचारलं, रिकाम्या जागी शून्य टाका असं प्रियंकाने सांगितलं होतं का?

“त्या कायले सांगतीन? तुमीच तं सांगतलं होतं पयल्या वर्षी, एकही खाना खाली ठेवाचा नाही म्हून.”

फोन ठेवला आणि कपाटातून माझा एमएस्सीचा अहवाल काढला. त्यातही पोळ्याच्या आठवड्यात शून्य आहे. त्यावर मी अर्धं पान लिहिलंय. त्याच अहवालाला तुझ्यापेक्षा सहा गुण जास्त मिळाले होते मला.

तेव्हा शून्य खोडून ‘नोंद नाही’ लिही, आणि अडतीस हे दोन आठवड्यांचे आहेत हे स्पष्ट सांग. एकतीसवरून सरासरी एकोणीस, म्हणजे घट तरीही दिसते. छोटी आहे, पण तुझी आहे.

उकंडाभाऊंना रागावू नकोस. आभारात माझं नाव ठेवणार असशील, तर कशाबद्दल तेही लिही.

तुझी, सहा गुणांनी पुढे असलेली,
साधना