ह्यांची कवळी

सोमवार
आले बाई एकदाची वृद्धाश्रमात. खोली झकास आहे. उंबरा नाही, जागोजाग धरायला दांडे, संडासातसुद्धा घंटी. आम्ही अठरा म्हातारे, एक स्वयंपाकघर, एक बाग. काही वाया घालवायचं नाही, असा इथला नेम. प्रत्येकाला खोलीच्या नंबराची बादली. उष्टं, सालं, केस, नखं, सगळं तिच्यात. त्याचं खत होतं. माझी सात नंबर. सूनबाई म्हणाली, आता शेवटपर्यंत कुठे हलायला नको. मी म्हणलं, तुझ्या डोक्यावरून तर हलले. लाजली बिचारी.

मंगळवार
शेजारी मास्तरीणबाई. कमरेएवढी वेणी, अर्धी पांढरी, अर्धी रंगवलेली. मी तिला खारुताई म्हणते. बादल्या रिकाम्या करणारा माळी मात्र सदा तोंड पाडून. त्याला दचकवायला आमच्या ह्यांची कवळी, हे गेल्यापासून पाच वर्षं ट्रंकेत जपलेली, टाकली बादलीत.

बुधवार
दचकला नाही मेला. चिमट्याने कवळी काढली, बुळबुळीत राड धुतली, वर सातचा कागद चिकटवला. मागोमाग शेडमध्ये गेले. फळीवर बरणी, बरणीत कवळ्या. तेवीस. बाजूला गुडघ्यांचे स्टीलचे सांधे, पिवळी चरबी अजून चिकटलेली. खताच्या ढिगातून ऊब येते. अळ्या अंगठ्याएवढ्या. नाकाला पदर लावून परतले.

गुरुवार
मास्तरीणबाईची खोली रिकामी, पुसून काढलीय. देखरेखीच्या बाई म्हणाल्या, त्या इथेच आहेत. बागेतला भोपळा चिरायला माझ्याकडे दिला. आत दोऱ्यांच्या जागी केस. ओले. अर्धे पांढरे, अर्धे रंगवलेले. बियांत एक दाढ. बाकीच्यांनी मिटक्या मारत खाल्लं.

शुक्रवार
बाईंना बरणीतल्या कवळ्यांचं विचारलं. म्हणाल्या, माणूस गेलं की कवळी त्याच्या बादलीत टाकायची, बाकीचं ढिगात. तुमची आली, म्हणजे तुम्ही गेलात. मी तोंड उघडून माझे खरे दात दाखवले. त्यांनी बोटाने चाचपले. बोटाला खताचा वास. म्हणाल्या, उरलेलं आम्ही करू.
फाटकाला कुलूप. सूनबाईला फोन केला. ती रडत म्हणाली, कोण आहे, अशी चेष्टा करू नका, सासूबाई परवाच गेल्या —

शनिवार
माझं ताट मांडलं नाही. कोणी वर बघत नाही. बागेत ताजा खड्डा, वाफ येतेय —
चाकांची खाट आली. उंबरा नाही, आवाजही नाही. दांडा धरलाय. माळी हसतोय, पहिल्यांदाच. चिमटा तोच, राड लागलेला. म्हणतो, तोंड उघ—