रविवारी आपोआप उठणारे मशीन

कोलोवाई, टोंगा
बुधवार

आदरणीय वन्सं मेलेनाइते यांना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्यासाठी घरच्या प्रार्थनेत रोज एक वेगळी ओळ असते. फरक पडला असेल तर कळवावे, म्हणजे ती ओळ दुसऱ्या कोणाला देता येईल.

ऑकलंडहून पाठवलेले पिंप पोचले. जुना कॉम्प्युटर एक, त्याचा पडदा एक (काच शाबूत), टॉवेल चार, गोमांसाचे डबे अकरा (तुमच्या यादीत बारा आहेत, धक्क्यावरच्या कारकुनाचे ओठ मला तेव्हाच तुकतुकीत वाटले होते). सोडवायला जकातीचे अडतीस पांगा मोजावे लागले. भेट ती भेट, मी काही म्हणत नाही.

आता, त्या रविवारी ऐन उपासनेच्या वेळी मी घरी कशी सापडले, ते सांगते. फोनवर तुम्ही "लोसालिने, तू घरी कशी?" एवढेच विचारून ठेवून दिलात, आणि तेव्हापासून गप्प आहात. तुमच्या बोलण्यापेक्षा गप्प राहण्याची मला जास्त धास्ती.

ह्यांचे (तुमच्या बंधूंचे) नाव यंदा उपदेशकपदासाठी मंडळीच्या सभेपुढे आहे. ज्याच्या घरात रविवारी सुईदोरासुद्धा हलतो, त्याला कोणी उपदेशक करत नाही. आणि आम्ही लागोपाठ दोन रविवार चर्चमधून परतलो तो कुलूप जागच्या जागी, आणि आत तुम्ही पाठवलेले कॉम्प्युटरचे मशीन चालू, हात लावला तर गरम. पहिला संशय ह्यांच्यावर. (कावा प्यायला बसणारे पुरुष तिथे आणखी काय काय शिकतात, देव जाणे.) हे म्हणाले, "अगं, मी तुझ्या शेजारीच बसलो होतो. तूच दोनदा कोपर मारून जागं केलंस." ते खरे होते. मग संशय शेजारच्या फिनाऊवर, कारण तिच्या नवऱ्याचेही नाव सभेपुढे आहे. कुंपणावरून म्हणते कशी, "तुमच्याकडे रविवारी काहीतरी घुरघुरतं का गं? आमच्याकडे तर माश्यासुद्धा बसून असतात." मी उंबऱ्यावर पीठ पसरून ठेवले. पाऊल उमटले नाही. (पीठ चाळून वापरले.)

म्हणून तिसऱ्या रविवारी डोके दुखण्याचे निमित्त करून (त्याची क्षमा मागून झाली आहे) मी पडद्याआड बसले. अकराला फोन वाजला आणि माझा हात पोचायच्या आत मशीनचा दिवा लागला. फोनवर तुम्ही. घरी कोण राहिले आहे हे पाहायला तुम्ही दर रविवारी उपासनेच्या वेळी फोन करता, असे माझे म्हणणे नाही. मी फक्त वेळा लिहून ठेवल्या आहेत.

टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेले इनोके आले. मशीन सुरू होताना एक बटण दाबून धरले की निळे पान येते. त्यात विजेच्या पानावर ओळ होती, फोन वाजल्यास जागे व्हावे काय, तर होय. तिथे 'नाही' केले. पुढच्या पानावर फोनचे कार्ड आणि आवाजाचे कार्ड एकाच नंबरावर बसवलेली, एका चुलीवर दोन जावा. फोनच्या कार्डाला वेगळा नंबर दिल्याबरोबर इतके दिवस मुकाट असलेले आवाजाचे कार्ड बोलू लागले. मी म्हटले, वा. तिथेच चुकले.

कारण शनिवारी वीज गेली. मशीनच्या पोटातला नाण्याएवढा सेल मेलेला, त्यामुळे वीज गेली की ते शिकवलेले सगळे विसरते आणि 'नाही'चे पुन्हा 'होय' होते. कार्डांचे नंबर मात्र ते वेगळीकडे जपते, म्हणून दोघी जावांनी आपापली जागा सोडली नाही आणि आवाज शाबूत राहिला. रविवारी पाद्रीबुवा जेवायला. अळूच्या पानांत मांस बांधून भाजलेली लूची पुडकी मांडलेली, बुवांची प्रार्थना लांबलेली, आणि फोन वाजला. प्रार्थनेतून कोण उठणार? फोन थांबला आणि त्याने जागे झालेल्या मशीनने तुतारी फुंकली. बुवांनी एक डोळा उघडला. "सेमिसी, आज तुझ्याकडे कामावर कोण आहे?"

हे म्हणाले, "आमची ताई."

आपल्याकडे बहिणीचा मान भावाच्या वर, तिच्याविरुद्ध कोण काय बोलणार? बुवांनी डोळा मिटला. पण जेवून निघताना ते मशीनकडे बघत उभे राहिले, आणि कुंपणापलीकडे फिनाऊ बायबलावरची धूळ तिसऱ्यांदा झटकत होती. सभा पंधरा दिवसांवर आहे. मध्ये दोन रविवार.

तुम्ही म्हणाल, प्लग काढा. काढला की ते सगळे विसरते, आणि पुन्हा शिकवायचे इनोके दर वेळी एक टोपली रताळी घेतात. फोनची तार काढावी, तर घरचा फोन त्या मशीनमधूनच जातो. तुमचा फोन लागू नये म्हणून तार काढणे! लिहितानाही कान गरम झाले.

तुमची,
लोसालिने

ता. क. इथल्या दुकानात तो सेल मिळत नाही. पाकिटात घालून पाठवलात तर उपकार होतील.

आणखी ता. क. सेल राहू द्या. भावाच्या घरातले आवडेल ते उचलण्याचा तुमचा मान आहे. मागच्या खेपेला माझी लग्नातली चटई आणि शिवणयंत्र आवडले होते. पुढच्या शनिवारच्या विमानाने आलात, तर तुमची नजर त्या मशीनवर पडावी अशी प्रार्थना करते आहे. गुडघ्याची ओळ तूर्त या प्रार्थनेलाच दिली आहे.

येताय की नाही ते उलट टपाली कळवावे. टपालानेच.