बगळा कोण, टिटवी कोण

जऊळका,
रविवार

आदरणीय दादास,

रत्नमालाचा सप्रेम जयभीम. आम्ही इकडे मजेत आहोत. वहिनींचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलं असेल तर चढू देऊ नकोस. (त्या ऐकणार नाहीत, पण तू सांगितलं होतंस एवढं तरी म्हणता येईल.)

शाळेतल्या पोरांसाठी मी चित्रांचं पुस्तक करतेय, हे तुला माहीत आहेच. इंग्रज कसे आले, कसे बसले आणि सगळं कसं त्यांचं झालं, एवढीच गोष्ट. शब्द थोडे, बोलायचं ते चित्रांनी. इंग्रज म्हणून मी बगळे घेतले आणि आपली माणसं म्हणून टिटव्या. पहिल्या पानावर एकच बगळा, तळ्याकाठी एका पायावर, अगदी साधूसारखा. पुढे तो टिटव्यांच्या माळावर साखळी टाकून मोजणी करतो, मग खुर्ची मांडतो. पानागणिक बगळे वाढतात आणि आभाळाचा निळा कमी होत जातो. शेवटी सगळं पान पांढरं, आणि कोपऱ्यात अंड्यांवर मान खाली घालून बसलेली एक टिटवी. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

प्रकाशन ग्रामपंचायतीच्या सभागृहात व्हायचं, म्हणून काल चित्रं तिथल्या भिंतीवर लावली. सरपंच बबनराव आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. खुर्चीतल्या बगळ्यासमोर थांबले ते थांबलेच.

"मॅडम, हा मीच आहो ना?"

मी म्हटलं, नाही हो, हा इंग्रज आहे.

"मंग त्याले माह्यासारखी खुर्ची कायले देली?"

सोबत निवृत्त तलाठी उदयसिंग होते. त्यांनी मोजणीची साखळी पाहिली आणि तेही गंभीर झाले. बबनरावांनी सांगून टाकलं, बगळा काढा, नाहीतर प्रकाशन दुसरीकडे करा. कावळा चालेल म्हणाले. उदयसिंगांना कावळा नको, तो पित्रांचा. मग रानडुक्कर निघालं. (त्यावर दोघं पिकांच्या नुकसानीबद्दल इतकं बोलले की इंग्रज कोणाच्या ध्यानातच राहिले नाहीत.)

शेवटी मी म्हटलं, बगळा बदलणार नाही. भीत भीत का होईना दादा, पण म्हटलं. या पांढऱ्याचा तुमच्या कपड्यांशी काही संबंध नाही; डोळ्यांदेखत आपलं आभाळ पुसलं गेलं तर कसं वाटेल, ते हा रंग सांगतो. बबनराव पुढे सरकले. शेवटच्या चित्रापाशी जाऊन उभे राहिले.

"हे टिटवी कोन?"

"आपण सगळे."

"म्हंजे मी बी?"

"तुम्ही बी."

"माह्या पणज्याचं वावर असंच साखळी टाकून गेलं म्हने," ते हळूच म्हणाले. मग एकदम माझ्याकडे वळले. "पन हे मान खाली घालून काहून बसली? टिटवी कधी गप राह्यते का? लय वरडते ते!"

खरंच होतं. घरी येऊन मी तिची मान वर केली, चोच उघडी केली, आणि ते पांढरं पान एकदम जिवंत झालं. आता अडचण वेगळीच आहे. उदयसिंगही टिटवीच व्हायचं म्हणतात, गावात बगळा व्हायला कोणीच तयार नाही.

तुझी धाकटी बहीण,
रत्नमाला

ता. क. : प्रकाशन पुढच्या रविवारी, सभागृहातच आहे. प्रमुख पाहुणा म्हणून तू यायचंस. तुझं नाव बबनरावांनीच सुचवलं.

ता. क. २ : का सुचवलं तेही सांगून टाकते. खुर्चीतल्या बगळ्याची ती लांब मान आणि अर्धवट मिटलेले डोळे मी तुझ्या निवडणूक ड्यूटीवर पेंगतानाच्या फोटोवरून काढलेत. तो फोटो माझ्या वहीत पाहून हे त्यांच्या लक्षात आलंय. (तेव्हापासून ते फार आनंदात आहेत.) स्टेजवर तेवढे डोळे उघडे ठेव.