बायकांचा वॉर्ड

कोल्हापूर, १४ ऑगस्ट १९९८

ताई,

आईला शेवटची अंघोळ घालताना तिच्या पाठीवरची जखम पाहून तू विचारलंस, "तू नर्स असून असं झालंच कसं?" मी बादली उचलून पाणी आणायला गेलो. उत्तर इथे लिहितोय, पण हे पत्र बहुधा टाकणार नाही.

पुरुष नर्सला बायकांच्या वॉर्डात ड्युटी नसते. आई आमच्याच हॉस्पिटलात त्या वॉर्डात होती; तिथे चाळीस खाटांना एकच सिस्टर. पडून पडून पाठीला जखम होऊ नये म्हणून भेटीच्या वेळेत मी आईला कुशीवर वळवू लागलो, तर मेट्रन म्हणाल्या, "ब्रदर, हात लावू नका. बाकीच्या बायका संकोचतात."

आई हसली. "जा रं, तुझं पेशंट वळीव जा."

मी गेलो. खालच्या वॉर्डात रोज अकरा पुरुषांना वळवत राहिलो. मला नोकरीत कायम व्हायचं होतं, म्हणून नियम मोडला नाही.

कायम झाल्याची ऑर्डर काल आली. मी सही करून ती घेतली.

तुझा,
जयसिंग